‘कणकण’ या शब्दाचे वजन

रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद हाती दिला जातो, त्याला आपण ‘डिस्चार्ज कार्ड’ म्हणतो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी तो कागद संहिता म्हणून वाचून पाहावा, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे. वरच्या भागात काय आजार होता आणि त्यावर काय केले याची नोंद असते. तो सगळा भूतकाळ असतो आणि लिहिणाऱ्याला तो पूर्ण ठाऊक असतो. मधल्या भागात गोळ्यांची नावे आणि वेळा असतात. तेथे भाषा आज्ञार्थी होते. आणि अगदी तळाशी, बहुधा घाईच्या अक्षरात, चार-पाच ओळी असतात : पुढीलपैकी काही आढळल्यास ताबडतोब संपर्क साधावा. सबंध कागदावर हा एवढाच भाग संकेतार्थी असतो. ‘आढळल्यास’ हे क्रियापद वाचताना प्रश्न पडतो, की कोणाला आढळल्यास? रुग्णालयात असताना पाहण्याचे काम शिकलेल्या माणसांचे होते. दर चार तासांनी कोणीतरी येऊन नाडी, ताप, रक्तदाब लिहून जात होते. घराचा उंबरा ओलांडला की ते काम, कोणतेही शिक्षण न देता, आपल्याकडे आलेले असते.

2017 च्या जून महिन्यात हे काम माझ्याकडे आले. आईच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती आणि कोल्हापुरातील एका रुग्णालयात केमोथेरपी सुरू व्हायची होती. आमचे घर आजऱ्याकडचे. म्हणजे दोन-अडीच तासांची वाट, पावसाळ्यात त्याहून अधिक. सकाळी जायचे, सलाईनमधून औषध घ्यायचे आणि रात्री घरी परतायचे, असा क्रम. दर एकवीस दिवसांनी एक याप्रमाणे चार वेळा पहिली दोन औषधे, मग बारा आठवडे दर आठवड्याला तिसरे. रुग्णालयात प्रत्येक फेरीत जेमतेम एक दिवस जाणार होता. उरलेले वीस दिवस घरचे होते. औषधाचे जे काही बरेवाईट व्हायचे, ते त्या वीस दिवसांतच व्हायचे होते.

कार्डाच्या तळाच्या ओळी इंग्रजीत होत्या. त्या मी एका वहीत मराठीत उतरवल्या. परंतु लिहू लागल्यावर ध्यानात आले की शब्दाला शब्द ठेवून काही उपयोग नाही. ‘डिहायड्रेशन’ला ‘निर्जलीकरण’ म्हटले तर आईला ते आणखीच परके. म्हणून पहिल्याच दिवशी मी तेथील सिस्टरना एकेक शब्द विचारत गेले : हे घरात कसे दिसेल? त्यांनी न कंटाळता सांगितले आणि वहीतल्या ओळी हळूहळू आमच्या घराच्या झाल्या. दिवसभरात लघवी दोनदाच झाली आणि तीही गडद. तोंड इतके आले, की मऊ भाताचा घासही गिळवत नाही. मोरीपर्यंत जाताना मध्येच भिंतीला टेकावे लागले. संध्याकाळी चप्पल घालताना पाय सुजलेले दिसले. आणि सर्वांत वर, सिस्टरनी दोनदा रेघ मारायला लावली तो आकडा : ताप 100.4 किंवा त्याहून अधिक.

सर्वांत वर ताप का, हे मला तेव्हा थोडे विचित्र वाटले. कर्करोगाच्या औषधांची आपल्या मनातली प्रतिमा केस गळण्याची आणि उलट्यांची आहे. चित्रपटांनी ती आणखी ठळक केली आहे. शंभराच्या थोडा वरचा ताप तर आपल्याकडे शाळेला दांडी मारायलाही पुरत नाही. हा क्रम समजून घ्यायचा तर ही औषधे कोठून आली ते थोडे पाहावे लागते.

आईला मिळणाऱ्या दोन औषधांपैकी एक सायक्लोफॉस्फामाइड. त्याचे कूळ युद्धातल्या विषारी मस्टर्ड वायूपर्यंत जाते. 2 डिसेंबर 1943 रोजी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी बाँब टाकले. तेथे उभ्या असलेल्या ‘जॉन हार्वी’ नावाच्या अमेरिकी जहाजात मस्टर्ड वायूचे बाँब गुप्तपणे ठेवलेले होते. त्यानंतरच्या दिवसांत जे सैनिक आणि खलाशी दगावले, त्यांचा तपास स्ट्युअर्ट अलेक्झांडर या डॉक्टराने केला. त्याने नोंदवले, की त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. याच्या एक वर्ष आधी, 1942 मध्ये, अमेरिकेतील येल येथे लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्या गटाने मस्टर्डचाच एक भाईबंद लसीकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला देऊन पाहिला होता; युद्धाच्या गुप्ततेमुळे ते 1946 पर्यंत बाहेर आले नाही. पांढऱ्या पेशी मरतात हीच यामागची सारी आशा होती. शरीरातल्या भराभर विभागणाऱ्या पेशी जर याने मरत असतील, तर भराभर विभागणे हाच ज्या पेशींचा रोग आहे, त्याही मरतील.

दुसरे औषध डॉक्सोरुबिसिन. त्याचे जुने नाव ॲड्रियामायसिन, हे ॲड्रिॲटिक समुद्रावरून आलेले. हेही त्याच मुलखातले. बारी ज्या पुलिया प्रांतात आहे, त्याच प्रांतातील कास्तेल देल मोंते या मध्ययुगीन किल्ल्याजवळच्या मातीत एक जीवाणू सापडला आणि त्याच्या बदललेल्या वाणापासून हे औषध निघाले. रंग लालभडक. कोल्हापुरातल्या त्या खोलीत ते शिरेत जाताना पाहून शेजारच्या खाटेवरील बाईंनी तोंड फिरवले होते, ते आठवते.

हा इतिहास वाचल्यावर ‘दुष्परिणाम’ या आपल्या शब्दाविषयी मला शंका येऊ लागली. ‘दुष्’ या उपसर्गाने आपण जणू ठरवून टाकतो, की औषधाचा एक सज्जन परिणाम असतो आणि त्याच्या सावलीत एक दुर्जन. वास्तविक येथे परिणाम एकच आहे. भराभर विभागणाऱ्या पेशींवर हे औषध घाला घालते. अशा पेशी गाठीत असतात, तशाच त्या केसांच्या मुळांत, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात असतात. म्हणून केस जातात, म्हणून तोंड येते, म्हणून मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. औषध दिल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सर्वांत खाली जातात. नेमक्या त्या आठवड्यात रुग्ण घरी असतो आणि बहुधा त्याला थोडे बरेही वाटू लागलेले असते. उलट्या थांबलेल्या असतात, जेवणाला चव येत असते. बाहेरून आठवडा चांगला दिसतो आणि आतून तो सर्वांत उघडा असतो.

आणखी एक गोष्ट सिस्टरनी सांगितली होती, ती मला अजून अस्वस्थ करते. जंतुसंसर्गाची जी लक्षणे आपण लहानपणापासून ओळखतो, म्हणजे लाली, सूज, पू, ती मोठ्या प्रमाणात या पांढऱ्या पेशींच्याच लढाईची लक्षणे आहेत. पू म्हणजे बव्हंशी लढून मेलेल्या पेशी. त्या पेशीच उरल्या नाहीत, तर जखम लाल होत नाही, छातीत कफ भरत नाही, घशात पांढरे ठिपके दिसत नाहीत. घरात शत्रू शिरला आहे आणि ओरडायला कोणी नाही, अशी ती स्थिती. अशा वेळी किंचित ताप ही एकमेव खूण असू शकते. कधी तापही येत नाही, विशेषतः वय झालेल्यांना किंवा स्टेरॉइड चालू असलेल्यांना. नुसती हुडहुडी भरते, माणूस ग्लानीत जातो, बोलण्यात असंबद्धता येते. म्हणून त्या आकड्याखाली दोनदा रेघ होती. म्हणूनच न विचारता पॅरासिटामॉल द्यायचे नाही, अशीही सूचना होती : गोळीने ताप उतरतो, म्हणजे एकुलती एक खूण पुसली जाते आणि संसर्ग तसाच राहतो.

पहिल्या फेरीनंतर आईला सर्वांत भीती वाटली ती लाल लघवीची. औषधाचा रंग एक-दोन दिवस लघवीत उतरतो, हे आधी सांगितलेले असूनही ती हादरली. दुसरा हादरा अठराव्या दिवशी, उशीवर केसांचा पुंजका आला तेव्हा. या दोन्ही खुणा मोठ्याने बोलणाऱ्या होत्या, आणि दोन्ही निरुपद्रवी होत्या. धोक्याच्या खुणा हळू बोलतात, हे आम्हाला दुसऱ्या फेरीत कळायचे होते.

दुसऱ्या फेरीचा दहावा दिवस होता. जुलैचा पाऊस. रात्री आठच्या सुमारास आई चुलीपाशी येऊन बसली. एरवी ती त्या वेळी सोप्यात असे. मी विचारले, “आई, काय होतंय तुला?” ती म्हणाली, “काय न्हाई गं, जरा कणकण वाटतीया. पावसाची हवा हाय.”

‘कणकण’ हा शब्द कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात सापडणार नाही. तो ताप नव्हे. तापाच्या अलीकडची, अंगात कोठेतरी मुरलेली, दुसऱ्याला दाखवता न येणारी अवस्था त्याने सांगितली जाते. आणि आईसारख्या बायकांच्या तोंडी तो आणखी एक काम करतो : तक्रार केली, पण तुमच्यावर काही भार टाकला नाही, असे तो सुचवतो. त्यात ‘जरा’ आहे, पुढे ‘पावसाची हवा’ आहे. अभिधेने पाहिले तर किरकोळ. साहित्यशास्त्रात आपण व्यंजना शिकवतो. ती अनेकदा शृंगाराच्या श्लोकांपुरती राहते. जन्मभर दुखणे अंगावर काढलेल्या बाईच्या ‘जरा’मध्ये ती किती खोल असते, हे शिकवायला हवे.

थर्मामीटर काखेत लावला. 100.8. पुन्हा लावला, तेवढाच. शेजारच्या काकू आल्या होत्या; त्या म्हणाल्या, “सुंठ-मिऱ्याचा काढा द्या, घाम येऊन उतरंल.” आप्पा दारात उभे राहून पावसाकडे पाहत होते. “सकाळी बघू,” ते म्हणाले, “आता या पावसात कुठं जायचं?” दोघांच्याही बोलण्यात माया होती, आणि इतर कोणत्याही तापाच्या बाबतीत त्यांचा सल्ला योग्यच ठरला असता. मी कार्डावरच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या सिस्टरनी चार प्रश्न विचारले : ताप किती, औषधाचा कितवा दिवस, थंडी वाजली का, गोळी दिली का. कसे वाटते आहे, हे त्यांनी विचारले नाही. चार उत्तरे ऐकून त्या म्हणाल्या, “लगेच निघा. गोळी देऊ नका. कार्ड घेऊन या.”

सर्वांत कठीण होते आईला उठवणे. “रातचं कुणाला तरास?” हे तिने तीन वेळा म्हटले. शेवटी आप्पाच पुढे झाले आणि म्हणाले, “त्रास आम्हाला होतोय, तू ऊठ.” दादाने गाडी काढली. गडहिंग्लज मागे टाकेपर्यंत तिला हुडहुडी भरली. दोन घोंगड्यांखालीही दात वाजत होते. कोल्हापुरात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. रक्त घेतले आणि तपासणीचा अहवाल यायच्या आधीच शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले. अशा रुग्णाला आल्यापासून तासाभरात पहिला डोस मिळावा असा दंडक आहे, हे मला तेथे समजले. अहवाल नंतर आला. न्यूट्रोफिल नावाच्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंशी सर्वांत आधी लढतात, त्या घनमिलिमीटरमागे साधारण दीड हजाराच्या वर असाव्या लागतात. आईच्या 280 होत्या. सकाळच्या फेरीला डॉक्टर म्हणाले, की रात्रीच आणलेत हे बरे केले. त्यांच्या आवाजात विशेष काही नव्हते. पाच दिवसांनी ताप पूर्ण उतरून आम्ही घरी आलो, तेव्हा मला त्या साध्या वाक्याचा अर्थ कळला.

त्या पाच दिवसांत, आई झोपलेली असताना, मी इतर रुग्णांचे आणि डॉक्टरांचे बोलणे ऐकत असे. व्हर्जिनिया वुल्फने 1926 मधील आजारपणावरच्या निबंधात अशी तक्रार केली आहे, की दुखण्याचे वर्णन करू गेले की इंग्रजी भाषा अपुरी पडते. मराठीबद्दल ही तक्रार करता येणार नाही. कळ, ठणका, चमक, सल, आग, जळजळ, चुरचुर, मुंग्या, बधिरता, मळमळ, उमासे, कोरडी उलटी, घेरी, भोवळ, चक्कर, धाप, धडधड, कणकण, कसकस, हुडहुडी, ग्लानी. यातला एकेक शब्द वेगळी खूण सांगतो. ठणका धरतो, कळ येऊन जाते, चमक मारते. क्रियापदेसुद्धा ठरलेली आहेत. 1975 मध्ये रोनाल्ड मेल्झॅक यांनी कॅनडात वेदना मोजण्यासाठी जी प्रश्नावली केली, तिच्यात वेदनेची 78 विशेषणे वीस गटांत लावलेली आहेत. आपल्या एखाद्या आजीला बसवले, तर तिच्या बोलण्यातूनच तशी यादी उभी राहील.

मात्र डॉक्टरांच्या टेबलासमोर ही श्रीमंती गप्प बसते. तेथे प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द ऐकला : ‘विकनेस’. “विकनेस लई हाय डॉक्टर.” चार पावले चालून धाप लागते, तोही विकनेस, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तोही, दिवसभर झोपून राहावेसे वाटते आणि कोणाशी बोलू नये असे वाटते, तोही. पहिल्यात हृदयाचा प्रश्न असू शकतो, कारण ते लाल औषध हृदयावर परिणाम करू शकते. दुसऱ्यात रक्त किंवा पाणी कमी पडलेले असू शकते. तिसऱ्यात मन खचलेले असू शकते. परक्या भाषेतला प्रतिष्ठित शब्द मिळाला म्हणून आपण आपले तीन नेमके शब्द घरी ठेवून जातो. डॉक्टरांना मराठी कळत असते. अडचण असलीच, तर आपल्या शब्दांना तेथे मान नाही या आपल्या समजुतीची.

दुसरे एक कारण अधिक जुने आहे. चरकसंहितेत ‘इंद्रियस्थान’ नावाचा एक संपूर्ण भाग अरिष्टलक्षणांना, म्हणजे मृत्यू जवळ आल्याच्या खुणांना दिलेला आहे. त्याच परंपरेत रोगाआधी दिसणाऱ्या खुणांना ‘पूर्वरूप’ आणि रोगाच्या पाठोपाठ येणाऱ्या गुंतागुंतीला ‘उपद्रव’ असे वेगळे शब्द आहेत. व्यवहारात मात्र आपण हे तीनही एकत्र केले आहेत, आणि वाईट खुणेचा उच्चार झाला की ‘वंगाळ बोलू नये’ असे म्हणून तोंडावर हात ठेवतो. अरिष्ट सांगून उपयोग नसतो, म्हणून ते न बोलणे एक वेळ समजू शकते. कार्डाच्या तळाशी लिहिलेल्या खुणा त्या जातीच्या नाहीत. त्यांवर उपाय आहे आणि तो वेळेशी बांधलेला आहे, एवढ्याचसाठी त्या लिहिलेल्या असतात. त्या मोठ्याने वाचाव्यात. घरातल्या सर्वांना, मुलांनासुद्धा, ठाऊक असाव्यात.

तिसऱ्या फेरीपासून पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन सुरू झाले. त्याने आईची हाडे दुखत. “आतनं कोण तरी मुसळ मारतंय” असे ती म्हणे. हे अपेक्षित होते, मगज कामाला लागल्याचे ते दुखणे होते. वहीत मी ते ‘कळवायचे’ या बाजूला लिहिले, ‘ताबडतोब निघायचे’ या बाजूला नाही. तोपर्यंत वहीची पाने अशी दोन भागांत विभागली गेली होती.

मग बारा आठवड्यांचे तिसरे औषध, पॅक्लिटॅक्सेल. हे हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करू शकते, हे वहीत होते. आईने मुंग्यांची तक्रार कधी केली नाही. सातव्या आठवड्यात ती म्हणाली, की नव्या चपला सैल निघाल्या, चालताना पायातून निसटून जातात आणि कळतही नाही. दोन दिवसांनी फोडणी करताना म्हणाली, मोहरी चिमटीत येईना. चपला सैल नव्हत्या आणि मोहरी नेहमीचीच होती. बदल तिच्या तळव्यांत आणि बोटांच्या टोकांत होत होता, आणि तो वस्तूंच्या तक्रारीचा वेश घेऊन बोलण्यात आला होता. ही दोन वाक्ये तिच्याच शब्दांत डॉक्टरांना सांगितली. त्यांनी तिला डोळे मिटायला लावून पायाच्या बोटांना कापूस लावून पाहिला, ब्लाउजचे हुक लावता येतात का ते विचारले आणि पुढच्या डोसचे प्रमाण कमी केले. आजही तिच्या अंगठ्यांत थोडी बधिरता आहे, पण ती चुलीपाशी उभी राहून स्वयंपाक करते.

या साऱ्यातून माझ्या वर्गातल्या शिकवण्यात एक छोटा बदल झाला. निवेदकावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न आपण कादंबरी शिकवताना घेतो. अविश्वसनीय निवेदक म्हटले की मुलांना फसवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मी आता त्यांना सांगते, की काही निवेदक प्रेमापोटी अविश्वसनीय असतात. ‘बरे आहे’ असे ते सांगतात, कारण ऐकणाऱ्याची झोप मोडू नये. त्यांच्यावर संशय घेण्याची गरज नसते. त्यांच्या भाषेतले ‘जरा’, ‘उगाच’, ‘हवेनं असंल’ हे शब्द किती वजनाचे आहेत, ते मात्र ठाऊक असावे लागते, आणि ते घरातल्या माणसालाच ठाऊक असते. थर्मामीटर आकडा सांगतो. पण तो कोणत्या क्षणी लावायचा, हे त्या शब्दावरून ठरते.

2023 मध्ये आमच्या गल्लीत एका काकांची केमोथेरपी सुरू झाली. आई त्यांना भेटायला गेली, तेव्हा मीही बरोबर होते. काका भिंतीला टेकून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला “बरं हाय, बरं हाय” असे सांगत होते. आईने त्यांची फारशी चौकशी केली नाही. निघताना ती स्वयंपाकघरात गेली, त्यांच्या सुनेला जवळ घेतले आणि म्हणाली, “पोरी, ‘बरं हाय का’ म्हणून इचारू नगंस. ‘बरं हाय’ म्हणूनच सांगत्यात. कणकण हाय का, म्हणून इचार. आनि औषीद दिल्याला दिस कॅलेंडरावर मांडून ठेव.” सुनेने फडताळावरचा पेन घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी जाऊन ती दिवस मोजू लागली.